ई. टी. ए. होफमान : रोमँटिक संगीतविचार आणि न्यायबुद्धी

१

अठराव्या शतकाची अखेर आणि एकोणिसाव्या शतकाचा आरंभ या संधिकालात जर्मन साहित्य व जर्मन संगीत यांचे जे निकटचे नाते जुळले, त्याचा विचार एर्न्स्ट टेओडोर आमाडेउस होफमान (१७७६–१८२२) याला वगळून करता येत नाही. तो कथाकार व कादंबरीकार होता, संगीतरचनाकार व संगीतसमीक्षक होता, उत्तम व्यंगचित्रे काढीत असे आणि उपजीविकेने न्यायाधीश होता. इतक्या भिन्न क्षेत्रांत वावरलेल्या या माणसाचे चरित्र सांगण्याची एक रीत रूढ झालेली आहे. दिवसा न्यायालयात रुक्ष टिपणे लिहिणारा अधिकारी आणि रात्री मद्यगृहात बसून भुताखेतांच्या, वेडाच्या व प्रतिरूपांच्या कथा रचणारा कलावंत, अशा दोन तुकड्यांत त्याचे आयुष्य वाटून दिले जाते. त्याच्या कथांतील दुभंगलेल्या व्यक्तिरेखांमुळे या मांडणीला पाठबळही मिळते.

प्रस्तुत लेखात ही मांडणी तपासून पाहावयाची आहे. होफमानच्या ठायी असलेले न्यायाधीश व कलावंत हे परस्परांचे वैरी नव्हते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. समोरची संहिता स्वरलिपीची असो की खटल्याच्या कागदपत्रांची, तिच्यात जे आहे ते नेमके वाचावे आणि जे नाही ते तिच्यावर लादू नये, ही एकच शिस्त त्याच्या दोन्ही व्यवसायांच्या मुळाशी होती. या शिस्तीची किंमत त्याला आयुष्याच्या अखेरीस मोजावी लागली.

२

होफमानचा जन्म २४ जानेवारी १७७६ रोजी पूर्व प्रशियातील क्योनिग्झबेर्ग येथे झाला. वडील वकिलीच्या पेशातले होते. तो दोन वर्षांचा असतानाच आईवडील विभक्त झाले आणि त्याचे बालपण आजोळी, शिस्तप्रिय व काहीशा कोरड्या मामाच्या देखरेखीखाली गेले. घराण्याची परंपरा कायद्याची होती. त्यामुळे १७९२ मध्ये तो क्योनिग्झबेर्ग विद्यापीठात विधिशास्त्राच्या अभ्यासासाठी दाखल झाला. त्याच विद्यापीठात त्या काळी कांट अध्यापन करीत होता. परंतु तत्त्वज्ञानापेक्षा होफमानचा ओढा संगीताकडे होता. नगरातील ऑर्गनवादक पोडबील्स्की याच्याकडे त्याने संगीतरचनेचे पाठ घेतले. शाळकरी वयापासूनचा मित्र टेओडोर गोटलीब फोन हिपेल याला लिहिलेल्या पत्रांतून या तरुणाची तगमग दिसते. मात्र या तगमगीमुळे त्याने कायद्याच्या अभ्यासाकडे दुर्लक्ष केले, असे म्हणता येत नाही. सर्व परीक्षा तो उत्तम रीतीने उत्तीर्ण झाला आणि १८०० मध्ये पोझेन (आजचे पोलंडमधील पोझ्नान) येथील न्यायालयात रुजू झाला.

पोझेन येथे १८०२ च्या कार्निव्हलमध्ये एका नृत्यसमारंभात स्थानिक प्रशियन अधिकाऱ्यांची व्यंगचित्रे वाटली गेली. ती होफमानने काढलेली होती. चित्रांतील साम्य इतके अचूक होते की कोणाचे चित्र आहे हे सांगावे लागत नव्हते. परिणामी त्याला प्वोत्स्क या आडगावी धाडण्यात आले. त्याच वर्षी त्याने मिखालिना या पोलिश तरुणीशी विवाह केला. प्वोत्स्कमधील दोन वर्षे त्याला वनवासासारखी वाटली, तरी चर्चसंगीताची रचना व स्वरशास्त्राचा अभ्यास यांत ती कारणी लागली.

१८०४ मध्ये झालेली वॉर्साची बदली त्याच्या वाङ्मयीन घडणीच्या दृष्टीने निर्णायक ठरली. येथील सहकारी न्यायाधिकारी युलिउस एडुआर्ड हित्सिग याच्यामुळे त्याला टीक, नोव्हालिस, श्लेगेल बंधू या रोमँटिक लेखकांच्या साहित्याचा परिचय झाला. याच नगरातील संगीत-मंडळासाठी त्याने म्निशेख प्रासादाच्या सजावटीत भाग घेतला, भिंतींवर चित्रे रंगविली आणि वाद्यवृंदाचे संचालनही केले. क्लेमेन्स ब्रेन्टानो याच्या संहितेवर रचलेल्या संगीतिकेच्या हस्तलिखितावर त्याने आपल्या ‘व्हिल्हेल्म’ या तिसऱ्या नावाच्या जागी ‘आमाडेउस’ असे लिहिले. मोत्सार्टविषयीच्या भक्तीतून केलेला हा बदल होता. पुढे सारे जग त्याला याच नावाने ओळखू लागले.

३

नोव्हेंबर १८०६ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने वॉर्सा व्यापले आणि प्रशियन प्रशासन संपुष्टात आले. नव्या सत्तेशी निष्ठेची शपथ घेण्यास होफमानने नकार दिला आणि १८०७ मध्ये त्याला शहर सोडावे लागले. पत्नी व लहानगी मुलगी पोझेनला होती. तो बर्लिनमध्ये नोकरी शोधीत असतानाच, त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये, दोन वर्षांची मुलगी दगावली. बर्लिनमधील हे वर्ष त्याने अक्षरशः उपासमारीत काढले. अखेर वर्तमानपत्रातील जाहिरातीच्या मार्गाने बाम्बेर्ग येथील नाट्यगृहात संगीतसंचालकाचे पद मिळाले आणि सप्टेंबर १८०८ मध्ये तो तेथे पोहोचला.

कायदा सोडून संगीतावर जगण्याचा हा त्याचा पहिला प्रयत्न होता, आणि तो जवळजवळ पहिल्याच दिवशी फसला. संचालक म्हणून त्याचे पदार्पण अयशस्वी ठरले. त्यानंतर सुखवस्तू घरांतील मुलींना गायन शिकविणे, नाटकांना प्रासंगिक संगीत देणे, पुढे नेपथ्य रंगविणे अशी कामे तो करीत राहिला. युलिआ मार्क ही त्याची तरुण शिष्या. तिच्याविषयी त्याच्या मनात निर्माण झालेला अनुराग आणि १८१२ मध्ये तिचा एका धनिक व्यापाऱ्याशी ठरविला गेलेला विवाह, हा त्याच्या आयुष्यातील सल पुढे त्याच्या कथांतून अनेक रूपांत प्रकटला.

याच अपयशाच्या काळात होफमान लेखक झाला, ही गोष्ट महत्त्वाची आहे. लायपझिग येथून निघणाऱ्या ‘आल्गेमाइने मुझिकालिशे त्साइटुंग’ या संगीतविषयक नियतकालिकात फेब्रुवारी १८०९ मध्ये त्याची ‘रिटर ग्लुक’ ही कथा प्रसिद्ध झाली. बर्लिनमध्ये निवेदकाला एक विक्षिप्त वृद्ध भेटतो. त्याच्या घरी ग्लुकच्या संगीतिकांचे सुबक बांधलेले ग्रंथ आहेत. परंतु ते उघडताच पाने कोरी आढळतात. त्या कोऱ्या पानांवरून तो वृद्ध ग्लुकचे संगीत वाजवितो, मूळ रचनेहून अधिक उन्नत अशा रूपात वाजवितो आणि अखेर आपण स्वतःच ग्लुक असल्याचे सांगतो. ग्लुक तर १७८७ मध्येच निवर्तलेला होता. हा वृद्ध वेडा, की कलावंताच्या आत्म्याचे मूर्त रूप, हा प्रश्न होफमान उघडा ठेवतो. निर्णयाला पुरेसा पुरावा कथेत नाही आणि तो लेखकाने मुद्दामच ठेवलेला नाही. पुढील सर्व अद्भुतकथांचे तंत्र येथे बीजरूपाने आढळते.

४

जुलै १८१० मध्ये याच नियतकालिकात होफमानने बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीचे परीक्षण लिहिले. ही सिंफनी डिसेंबर १८०८ मध्ये व्हिएन्ना येथे प्रथम सादर झाली होती. युरोपीय संगीतसमीक्षेच्या इतिहासात या परीक्षणाला जे स्थान आहे, ते दोन कारणांनी. पहिले कारण तात्त्विक आहे. अठराव्या शतकातील बहुसंख्य सौंदर्यमीमांसकांच्या दृष्टीने वाद्यसंगीत हे शब्दसंगीताहून गौण होते. शब्दावाचून स्वरांना निश्चित अर्थ नाही, असे मानले जाई. वाकेनरोडर आणि टीक यांनी १७९० च्या दशकात हा क्रम उलटविण्यास प्रारंभ केला होता. होफमानने तो विचार पूर्णत्वास नेला. शब्दांच्या आधारावाचून उभे राहणारे संगीत हीच सर्वांत रोमँटिक कला होय, कारण तिचा विषय अनंत हा आहे, असे त्याने मांडले. आणि हायडन, मोत्सार्ट व बेथोव्हेन यांना या एकाच वाटचालीतील तीन टप्पे मानले.

दुसरे कारण पद्धतीचे आहे. त्या काळी बेथोव्हेनवर बेशिस्त कल्पनाशक्तीचा आरोप केला जात असे. होफमान या आरोपाला भावनेने उत्तर देत नाही. तो स्वरलिपी समोर ठेवतो, तिच्यातील उतारे देतो आणि आरंभीच्या चार स्वरांच्या लहानशा आकृतीतून पहिली संपूर्ण गती कशी उभी राहते, हे टप्प्याटप्प्याने दाखवितो. रचनाकाराचे आत्मभान त्याच्या आवेगाहून अलग राहून त्यावर सत्ता चालविते, हा निष्कर्ष पुराव्याच्या शेवटी येतो. उन्मेषाची भाषा आणि छाननीची शिस्त यांचा असा मेळ त्यापूर्वीच्या संगीतपरीक्षणांत क्वचितच आढळेल. खटल्याची टिपणे तयार करण्याची सवय असलेल्या माणसाने हे परीक्षण लिहिले आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे नवल वाटेनासे होते. मार्च १८२० मध्ये बेथोव्हेनने स्वतः होफमानला कृतज्ञतेचे पत्र धाडले.

५

१८१३ च्या वसंतात होफमान बाम्बेर्ग सोडून योसेफ सेकोंडा याच्या संगीतिका-मंडळीत दाखल झाला. ही मंडळी ड्रेस्डेन व लायपझिग येथे प्रयोग करीत असे. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ड्रेस्डेनची लढाई त्याने प्रत्यक्ष पाहिली; लढाईनंतर रणभूमीवर हिंडून प्रेतांचा खच पाहिला. याच धामधुमीत ‘डेर गोल्डने टोप्फ’ ही दीर्घकथा लिहिली जात होती. तीत एक गबाळा विद्यार्थी ड्रेस्डेनच्या परिचित रस्त्यांवरून चालता चालता अद्भुताच्या राज्यात प्रवेश करतो. मध्ययुगीन दुर्गांच्या वा दूरच्या अरण्यांच्या आधारावाचून, समकालीन नगराच्या कुशीतूनच अद्भुत निर्माण करणे, हे रोमँटिक कथेला होफमानने दिलेले वळण होय. ही कथा समाविष्ट असलेला ‘फान्टाझीश्ट्युके’ हा संग्रह १८१४–१५ मध्ये जाँ पाउल याच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला आणि होफमानचे नाव सर्वतोमुखी झाले. योहानेस क्राइस्लर हा मनस्वी वाद्यवृंदप्रमुख याच संग्रहात वाचकांना भेटतो.

मध्ययुगाशी त्याचे नाते तुटले होते, असा मात्र याचा अर्थ नाही. १८१४ मध्ये त्याने जुन्या व नव्या चर्चसंगीतावर एक विस्तृत निबंध लिहिला. पालेस्त्रीना (मृत्यू १५९४) याचे चर्चसंगीत त्याला आदर्शवत् वाटे. तथापि तो काळ परत आणता येणार नाही, आधुनिक कलावंताने आपल्या काळाच्या साधनांनीच त्या उंचीकडे जावे, अशी त्याची भूमिका होती. पुढे ‘डेर काम्फ डेर झेंगर’ या कथेत त्याने वार्टबुर्ग येथील मध्ययुगीन कवि-गायकांची स्पर्धा चित्रित केली. वाग्नरच्या ‘टानहॉयझर’ (१८४५) या संगीतिकेच्या आधारस्रोतांत या कथेची गणना होते. मध्ययुगीन काव्यगायन, रोमँटिक कथा आणि आधुनिक संगीतिका यांची साखळी अशा रीतीने होफमानपाशी जुळते.

६

सेकोंडाशी बिनसल्यानंतर, हिपेलच्या साहाय्याने, १८१४ च्या सप्टेंबरात होफमान बर्लिनला परतून पुन्हा न्यायखात्यात रुजू झाला. १८१६ मध्ये तो ‘कामरगेरिख्ट’ या उच्च न्यायालयाचा सदस्य झाला. त्याच वर्षी ३ ऑगस्टला त्याच्या ‘उन्डीने’ या संगीतिकेचा पहिला प्रयोग बर्लिनच्या राजकीय नाट्यगृहात झाला. संहिता फूके याची होती, नेपथ्य श्रेष्ठ वास्तुविशारद शिंकेल याचे होते. संगीतरचनाकार म्हणून ओळख मिळावी, ही होफमानची जन्माची आकांक्षा येथे सफल झाली, असे वाटले. कार्ल मारिया फोन वेबर याने या संगीतिकेचे प्रशंसापर परीक्षण लिहिले. परंतु चौदा प्रयोगांनंतर, २९ जुलै १८१७ रोजी, ते नाट्यगृह आगीत भस्मसात झाले. समोरच राहणाऱ्या होफमानने आपल्या खिडकीतून ते जळताना पाहिले. त्याच्या हयातीत बर्लिनच्या रंगभूमीवर ‘उन्डीने’ पुन्हा आली नाही. त्याच जागी शिंकेलने उभारलेल्या नव्या नाट्यगृहात १८२१ मध्ये वेबरच्या ‘डेर फ्रायश्युट्स’चा पहिला प्रयोग झाला आणि जर्मन रोमँटिक संगीतिकेचे श्रेय प्रामुख्याने वेबरच्या नावे जमा झाले.

या वर्षांत होफमानचा लेखनाचा वेग विलक्षण होता. ‘डी एलिक्सिअरे डेस टॉयफेल्स’ ही कादंबरी, ‘डेर झान्टमान’ ही कथा असलेला ‘नाख्टश्ट्युके’ हा संग्रह, मुलांसाठी लिहिलेली ‘नुसक्नाकर उण्ड माउझेक्योनिग’, ‘झेरापिओन्स-ब्र्यूडर’चे चार खंड, आणि ‘काटर मुर’ ही अपूर्ण राहिलेली कादंबरी हे सारे १८१५ ते १८२१ या काळातील आहे. ‘काटर मुर’मध्ये एक बोका आत्मचरित्र लिहितो आणि टिपकागद म्हणून क्राइस्लरच्या चरित्राची फाडलेली पाने वापरतो, मुद्रकाच्या हातून दोन्ही मजकूर एकत्र छापले जातात. ही केवळ गंमत नव्हे. समोरच्या कागदावर नेमके कोणाचे म्हणणे आहे, हे ओळखण्याचे काम ही कादंबरी वाचकावर सोपविते.

त्याच्या न्यायालयीन कामाचा एक दाखला येथे अवश्य पाहावयास हवा. आपल्या प्रेयसीचा खून करणाऱ्या एका कारागिराच्या खटल्यात, आरोपी गुप्त वेडाने ग्रासलेला होता, असे मत वैद्यकीय तज्ज्ञाने दिले होते. वेडाच्या कथांनी गाजलेल्या होफमानने ते मान्य केले नाही. खुनापलीकडे त्या वेडाचे कोणतेच स्वतंत्र लक्षण दाखविलेले नाही, तेव्हा कृत्यावरून वेड आणि वेडावरून कृत्य सिद्ध करणे हे तर्कदुष्ट आहे, असा त्याच्या अभिप्रायाचा आशय होता. येथे त्याची शिस्त आरोपीच्या विरोधात गेली. लवकरच ती राज्यसत्तेच्या विरोधात जाणार होती.

७

मार्च १८१९ मध्ये एका विद्यार्थ्याने नाटककार कोत्सेबू याची हत्या केली. त्यानंतर जर्मन राज्यांत विद्यार्थी संघटना, प्राध्यापक व उदारमतवादी यांच्यावर दडपशाही सुरू झाली. राजद्रोही संघटनांच्या चौकशीसाठी प्रशियाच्या राजाने नेमलेल्या खास आयोगावर होफमानची नियुक्ती झाली. सत्तेची अपेक्षा उघड होती. होफमानला त्या तरुणांच्या राष्ट्रवादी उन्मादाविषयी यत्किंचितही आस्था नव्हती. तरीही, मनातील विचार म्हणजे कृती नव्हे आणि मतासाठी कोणास शिक्षा करता येत नाही, हे सूत्र धरून त्याने एकामागून एक अभिप्राय लिहिले व अनेकांच्या सुटकेची शिफारस केली. व्यायामशाळांच्या चळवळीचा प्रवर्तक फ्रीडरिख लुडविग यान हा त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध कैदी. यानने जेव्हा पोलीसखात्याचा प्रभावी अधिकारी काम्प्ट्स याच्याविरुद्ध बदनामीची फिर्याद केली, तेव्हा होफमानने ती दाखल करून घेतली. उच्च पदामुळे कोणी कायद्याच्या कक्षेबाहेर जात नाही, ही न्यायालयाची भूमिका होती. अखेर राजाज्ञेने ते प्रकरण बंद पाडावे लागले.

‘डास फ्रॉयलाइन फोन स्कुडेरी’ (१८१९) ही त्याची विख्यात कथा या आयोगापूर्वीच लिहून झाली होती. लुई चौदाव्याच्या पॅरिसमधील खुनांच्या मालिकेने भयभीत झालेले खास न्यायालय संशयालाच पुरावा मानू लागते आणि एक वृद्ध कवयित्री निरपराध तरुणाचे म्हणणे ऐकून घेऊन त्याला वाचविते, असे तिचे कथानक आहे. आयोगात आलेला अनुभव जणू त्याने आधीच लिहून ठेवला होता. पुढे ‘माइस्टर फ्लो’ या अद्भुतकथेत त्याने क्नार्पान्टी नावाचा तपास-अधिकारी रंगविला. गुन्हेगार ठरला म्हणजे गुन्हा आपोआप सापडतो, अशी या अधिकाऱ्याची श्रद्धा आहे. एका तरुणाच्या दैनंदिनीत आपण आज अतोनात आळसावलो होतो, अशी नोंद त्याला सापडते. ‘अतोनात आळशी’ या अर्थाच्या जर्मन शब्दाचा पूर्वार्ध ‘खून’ असा होतो. तेवढ्याच अक्षरांखाली रेघ ओढून तो खुनी मनोवृत्तीचा पुरावा हाती लागल्याचे जाहीर करतो. शब्द संदर्भातून तोडून त्यावर हवा तो अर्थ लादणे, या वाचनदोषाचे याहून मार्मिक चित्र सापडणे कठीण. बेथोव्हेनच्या परीक्षणात ज्या वाचनाचा आदर्श दिसतो, त्याचे हे नेमके दुसरे टोक आहे.

क्नार्पान्टीत काम्प्ट्सने स्वतःला ओळखले. जानेवारी १८२२ मध्ये हस्तलिखित व छापील फर्मे जप्त झाले आणि चौकशीची गोपनीय कागदपत्रे फोडल्याबद्दल होफमानविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई सुरू झाली. त्या वेळी तो अंथरुणाला खिळलेला होता; पक्षाघात पायांपासून वर सरकत होता. आपले बचावाचे निवेदन त्याने पडल्यापडल्या सांगून लिहविले. आक्षेपार्ह प्रकरणे वगळून पुस्तक निघाले. पूर्ण संहिता १९०८ मध्ये, म्हणजे तब्बल ८६ वर्षांनी, वाचकांच्या हाती आली.

८

अखेरच्या महिन्यांत त्याने आणखी एक कथा सांगून लिहविली. पाय गमावलेला एक लेखक कोपऱ्यावरच्या खिडकीत बसून खालचा बाजार न्याहाळतो आणि भेटीला आलेल्या चुलतभावाला पाहण्याची कला शिकवितो. येथे अद्भुत जवळजवळ नाहीसे झाले आहे. उरली आहे ती दृष्टी. एका टोपलीवरून, एका चालीवरून तो माणसांविषयी तर्क करतो. परंतु एकाच दृश्याचे दोन अर्थ संभवतात, हेही तो विसरत नाही. २५ जून १८२२ रोजी, वयाच्या ४६ व्या वर्षी, होफमान मरण पावला. कारवाईचा निकाल लागण्यापूर्वीच मृत्यूने ते प्रकरण निकालात काढले.

पुढे शूमानने ‘क्राइस्लेरियाना’ (१८३८) या पियानोरचनांना त्याच्या मानसपुत्राचे नाव दिले. ‘कॉपेलिया’ (१८७०), ओफेनबाखची होफमानच्या कथांवरील संगीतिका (१८८१) आणि चायकॉव्हस्कीचा ‘नटक्रॅकर’ हा बॅले (१८९२) यांतून त्याच्या कथा रंगभूमीवर नांदत राहिल्या. १९१९ मध्ये फ्रॉइडने ‘डेर झान्टमान’च्या आधारे मानवी भयाची मीमांसा केली. स्वतःच्या स्वररचनांतून जे साधावयाचे राहिले, ते शब्दांच्या द्वारे त्याने इतरांच्या संगीताला मिळवून दिले.

ओफेनबाखच्या संगीतिकेने जगाला परिचित करून दिलेला होफमान हा मद्यालयात बसलेला, भ्रमिष्ट प्रेमी आहे. रूढ चरित्रांवर त्याची छाया दाट आहे. बर्लिनमधील त्याच्या कबरीवरील शिळा मात्र वेगळी साक्ष देते. मित्रांनी उभारलेल्या त्या शिळेवर प्रथम न्यायालयातील पदाचा उल्लेख आहे, आणि अधिकारपदी, काव्यात, संगीतात व चित्रकलेत तो सारखाच श्रेष्ठ होता, अशा आशयाचा मजकूर आहे. त्याचे नाव तेथे शासकीय नोंदीप्रमाणे ई. टी. डब्ल्यू. होफमान असे कोरलेले आहे. मोत्सार्टकडून घेतलेले ‘आमाडेउस’ त्यात नाही. प्रथमदर्शनी हा कलावंतावर झालेला अन्याय वाटेल. परंतु ज्या माणसाने कागदावर जे आहे तेच वाचण्याचा आग्रह धरला, त्याचे चारही व्यवसाय त्या शिळेवर एका ओळीत, एका मापाने मांडलेले आहेत. त्याचे चरित्रही याच रीतीने, न तोडता, वाचले गेले पाहिजे.